जज्जवर दावा लावता येतो का? पूर्व भागातल्या एका शेडचं प्रकरण

अण्णांनी टेबलावर पाकीट ठेवलं तेव्हा त्यावर तिकिटंसुद्धा चिकटवून झाली होती. पत्ता टाइप केलेला: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि खाली कोर्टाचा पत्ता. आत तीन पानी नोटीस. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 80, दोन महिन्यांची मुदत, नुकसानभरपाई चौदा लाख. दुसऱ्या पानावर मधोमध लिहिलं होतं, की न्यायाधीशांनी विरुद्ध बाजूकडून पैसे घेऊन जाणूनबुजून खोटा हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम हुकूम, केला.

"पोस्टात टाकायच्या आधी तुम्ही एकदा नजर मारा म्हणून आलोय," अण्णा म्हणाले. "लिहून देणाऱ्यानं सातशे घेतले ओ."

मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि चहा सांगितला. ते पाकीट तिथून बाहेर पडलं असतं, तर पुढे जे झालं ते झालं नसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. पक्षकारांची ओळख पटू नये यासाठी जागा, आकडे आणि काही बारीक गोष्टी बदलल्या आहेत. कायद्याच्या भागाला हात लावलेला नाही.

शेड आणि समन्स

सोलापूरच्या पूर्व भागात अण्णांची आठ मागांची शेड. टर्किश टॉवेल. घरात वहिनी विड्या वळतात, थोरला पोरगा कांड्या भरण्यापासून सगळं बघतो. शेड भाड्याची, वडिलांच्या काळापासूनची. मूळ मालक होते तोवर दर महिन्याला घरी जाऊन भाडं द्यायचं, पावती घ्यायची, कधी तिथंच जेवायचं. मालक वारले. वारस पुण्याला. त्यांनी दोनदा मनीऑर्डर परत पाठवली, तिसऱ्यांदा अण्णांनी पाठवलीच नाही. "घेत नाहीत तर कशाला पाठवू," असं त्यांचं म्हणणं. इथं अण्णा चुकले. मालक भाडं घेत नसेल तर ते नाकारल्याचा पुरावा दर महिन्याला तयार करत राहायचा असतो, हे मी वकील म्हणून वीस वर्षं सांगत आलो आहे. ऐकतं कोण.

वारसांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 खाली दावा लावला. कारण दोन: थकबाकी आणि स्वतःची गरज. या कायद्यात भाडेकरूला एक मोठी सवलत आहे. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेलं भाडं वर्षाला 15 टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरलं, तर थकबाकीच्या कारणावरून कब्ज्याचा हुकूम करता येत नाही. समन्स हातात पडलं असतं तर अण्णांनी त्याच आठवड्यात पैसे भरले असते. गरजेचा मुद्दा उरला असता, पण तो पुराव्यानं लढता आला असता.

समन्स हातात पडलंच नाही. दाव्यात अण्णांचा पत्ता होता जुन्या घराचा, जे त्यांनी कधीच सोडलं होतं. बेलिफ तिथं गेला, दाराला कुलूप होतं, समन्स दारावर डकवलं आणि अहवाल दिला. आता गंमत बघा. दाव्यात ज्या शेडचा कब्जा मागितला, त्या शेडचा पूर्ण पत्ता मिळकतीच्या वर्णनात चतुःसीमेसह होता. अण्णा तिथं सकाळी आठपासून रात्रीपर्यंत असतात. मागांचा खडखडाट गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतो. तिथं कोणी फिरकलंच नाही.

नकला काढल्यावर बेलिफाचा अहवाल पाहिला. साडेचार ओळी. घर कोणी दाखवलं, त्याचं नाव नाही. डकवताना कोण हजर होतं, तेही नाही. संहितेच्या आदेश 5 नियम 17 मध्ये या दोन्ही गोष्टी लिहायच्याच असतात. नियम 19 सांगतो, की असा अहवाल शपथपत्रानं पडताळलेला नसेल तर न्यायालयानं बेलिफाला शपथेवर तपासावं, आणि मग समन्स रीतसर बजावलं असं जाहीर करावं किंवा पुन्हा बजावायला सांगावं. अहवालाला शपथपत्र नव्हतं. रोजनाम्यात त्या तारखेला एवढंच: "समन्स बजावले. प्रतिवादी गैरहजर. एकतर्फी चौकशीचा हुकूम."

म्हणजे चूक झाली होती. बारीकसारीक नव्हे, चांगली ढळढळीत. आणि ती न्यायाधीशांची होती. हे आधीच मान्य करून टाकतो, कारण न्यायाधीशांच्या संरक्षणाबद्दल लिहिणारे बरेच जण चूक झालीच नव्हती असं भासवत पुढे जातात. मग वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला फसवताहेत.

हुकूमनामा झाला, त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल झाली, कब्जा वॉरंट निघालं. सप्टेंबरातली सकाळ. बेलिफ, दोन पोलीस, वारसांची माणसं आणि हमाल. अण्णांना हुकूमनाम्याचा पत्ता लागला तो तेव्हा. माग म्हणजे कपाट नव्हे, की उचललं आणि बाहेर ठेवलं. पाया खोलावा लागतो, ताणा उतरवून घ्यावा लागतो. घाईत हमालांनी बीमवरचा ताणा सुरीनं कापला. हजारो दोरे एकदम सुटले. ते पुन्हा एकेक करून सांधायचे म्हणजे सांधणीवाल्याचे कित्येक दिवस. दुपारी पाऊस आला. चार माग गल्लीत ताडपत्रीखाली, बाकीचे उघड्यावर.

अण्णा धावत कोर्टात गेले, एका वकिलाकरवी तोंडी विनंती केली. न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, हुकूमनामा आहे, वरच्या कोर्टाची स्थगिती नाही, रीतसर अर्ज द्या. कायद्यानं त्या क्षणी त्या बरोबरच होत्या. पण संध्याकाळी गल्लीत भिजलेल्या सुताकडे बघणाऱ्या माणसाला ते कसं पटावं?

अण्णांचा प्रश्न

चहा झाल्यावर अण्णांनी आपली बाजू मांडली. आजवर ऐकलेल्या युक्तिवादांत ती मला फार सरस वाटते.

"आमच्या टॉवेलात एक डाग निघाला तर व्यापारी पीस हातात देतो आणि बिलातून पैसे कापतो. कुणाच्या पाळीला निघाला ते आम्ही वहीत बघतो. ज्याचा हात, त्याची मजुरी कापायची. मग ह्यांच्या हातून एवढा मोठा डाग निघाला, तर कापायचं कुणाचं?"

डॉक्टर चुकला तर ग्राहक आयोगात जाता येतं. इंजिनिअरचा पूल पडला तर गुन्हा दाखल होतो. वकील चुकला तर त्याच्याविरुद्ध बार कौन्सिल आहे. न्यायाधीशच तेवढा वेगळा का?

कायद्याचं उत्तर देणं सोपं आहे. न्यायिक अधिकारी संरक्षण अधिनियम, 1850. या कायद्याला एकच कलम. न्यायाधीश, दंडाधिकारी, कलेक्टर किंवा न्यायिक काम करणारी कोणतीही व्यक्ती, तिनं न्यायिक कर्तव्य बजावताना केलेल्या किंवा करायला सांगितलेल्या कृत्याबद्दल तिच्यावर दिवाणी दावा चालत नाही. ते कृत्य तिच्या अधिकारकक्षेबाहेरचं असलं तरीही, आपल्याला अधिकार आहे असं तिला त्या वेळी सद्भावनेनं वाटत असेल, तर संरक्षण कायम. तिचं वॉरंट बजावणाऱ्या बेलिफालाही तसंच संरक्षण.

अण्णांनी वर्ष ऐकलं आणि लगेच म्हणाले, "म्हणजे इंग्रजांनी आपल्या साहेबांना वाचवायला केलेला."

यात खोटं काय? 1850 साली इथं राणीचंही राज्य नव्हतं, कंपनी सरकार होतं, आणि कायद्यात कलेक्टरचं नाव मुद्दाम घातलेलं आहे. ज्या गावानं 1930 चा मार्शल लॉ पाहिला आणि 12 जानेवारी 1931 ला आपले चार जण येरवड्यात फासावर गेलेले पाहिले, त्या गावातल्या माणसानं साहेबाच्या न्यायाकडे संशयानं बघितलं तर त्याला दोष देता येत नाही. पण गोष्ट तिथं संपत नाही. स्वतंत्र भारताच्या संसदेनं 1985 मध्ये न्यायाधीश (संरक्षण) अधिनियम केला आणि हे कवच पातळ करायच्या ऐवजी आणखी जाड केलं. त्याचं कलम 3 सांगतं, की आजी किंवा माजी न्यायाधीशानं आपलं अधिकृत किंवा न्यायिक काम करताना, किंवा ते करत असल्याच्या भूमिकेत, केलेल्या कृत्याबद्दल किंवा उच्चारलेल्या शब्दाबद्दल कोणत्याही न्यायालयानं दिवाणी किंवा फौजदारी कार्यवाही दाखलच करून घेऊ नये. इथं सद्भावनेची अटही घातलेली नाही. जुना कायदा कायम आहेच, नवा त्याच्या जोडीला आहे. फौजदारी बाजूला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 77 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 15 आहे. कायद्यानं दिलेला किंवा दिला आहे असं सद्भावनेनं वाटणारा अधिकार वापरून न्यायाधीशानं न्यायिक काम करताना केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही.

"मग काय बी केलं तरी चालतंय की!"

अमेरिकेत यावरचा एक निकाल आहे, तो मी अण्णांना सांगितला आणि मग वाटलं, सांगायला नको होता. इंडियाना राज्यात 1971 मध्ये एका आईनं आपल्या 15 वर्षांच्या मुलीची नसबंदी करायची परवानगी मागणारा अर्ज न्यायाधीशापुढे ठेवला. न्यायाधीशानं सुनावणी न घेता, मुलीला न कळवता, सही केली. मुलीला सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. लग्नानंतर मूल होईना तेव्हा तिला खरं काय ते कळलं. तिनं न्यायाधीशावर दावा लावला. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी न्यायाधीशाला संरक्षण दिलं: निर्णय कितीही चुकीचा असो, अर्ज घ्यायचा अधिकार त्याला होता आणि सही ही न्यायिक कृती होती.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या पोरीला काय मिळालं?" न्यायाधीशाकडून, काही नाही. हा निकाल मला आजही पचत नाही. संरक्षणाचं तत्त्व मला पटतं, पण ते शेवटच्या टोकापर्यंत ताणलं की असं कुरूप दिसतं, हे लपवून काय उपयोग?

कवच कामाला, माणसाला नाही

आपल्याकडे रेघ कुठं ओढली आहे, हे 1965 च्या अन्वर हुसेन विरुद्ध अजय कुमार मुखर्जी या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नीट दिसतं. आसाममधले एक उपविभागीय अधिकारी. ते दंडाधिकारीही होते. त्यांनी एका माणसाला अटक करवली. त्यानं नुकसानभरपाईचा दावा लावला, साहेब 1850 चा कायदा घेऊन उभे राहिले. न्यायालय म्हणालं, ही अटक तुम्ही न्यायासनावरून केलेली नाही, प्रशासकीय अधिकारी म्हणून केलेली आहे. संरक्षण नाही.

आपल्या जिल्ह्यात हे रोज उपयोगी पडतं. शेतरस्ता अडवला म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारापुढे अर्ज चालतो. दोन्ही बाजू ऐकून तहसीलदार हुकूम करतात. तो चुकला तरी ते न्यायिक काम. त्याच तहसीलदारांनी दुसऱ्या दिवशी कुणाची टपरी नोटीस न देता उचलली, तर ते न्यायिक काम नव्हे, आणि 1850 चा कायदा त्यांच्या मदतीला येणार नाही. माणूस तोच, खुर्चीही कदाचित तीच. मोजायचं असतं ते काम.

या मोजपट्टीवर अण्णांचं प्रकरण लावलं की उत्तर लगेच मिळतं. भाड्याचा दावा ऐकायचा अधिकार त्या न्यायालयाला होता. एकतर्फी चौकशी, हुकूमनामा, वॉरंट ही सगळी न्यायिक कामं. नियम 19 पाळला नाही ही अधिकारात राहून केलेली चूक आहे, अधिकार नसताना केलेलं काम नव्हे. कायद्यातला 'अधिकार' हा शब्द त्या विषयात निर्णय करायची सत्ता आहे की नाही, एवढ्याच मोठ्या अर्थानं घ्यायचा, असं अन्वर हुसेन निकालातच म्हटलेलं आहे.

सरकारवर दावा? तेही मी तपासलं. नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 1966 मध्ये नरेश मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितलं, की न्यायालयाच्या न्यायिक हुकुमानं मूलभूत हक्कांचा भंग होत नाही. मुंबईचंच प्रकरण ते. साक्षीदाराची साक्ष छापू नका, या हुकुमाविरुद्ध पत्रकार गेले होते. त्यामुळे हक्कभंग म्हणून भरपाई मागायचा दरवाजा इथं बंद.

ती नोटीस

पण मला घाई होती ती नोटिशीची. दावा फार तर फेटाळला गेला असता. नोटिशीनं अण्णा तुरुंगात गेले असते.

आंध्र प्रदेशात राचपुडी सुब्बाराव नावाच्या पक्षकारानं हेच केलं होतं. निकाल विरुद्ध गेला म्हणून निकाल देणाऱ्या न्यायाधीशालाच नुकसानभरपाईची नोटीस पाठवली, त्यात दुष्ट हेतूचे आरोप. सर्वोच्च न्यायालयानं ती नोटीस म्हणजे न्यायालयाचा अवमान ठरवली. न्यायाधीशाला व्यक्तिशः पैशाची धमकी देणं हे निकालाविरुद्धचं भांडण राहत नाही, तो न्यायदानावर दबाव होतो, असा त्या निकालाचा रोख आहे.

"पण पैसे खाल्ले म्हणून सगळे बोलायलेत की," अण्णा म्हणाले.

सगळे म्हणजे कोण? शोधत गेल्यावर धागा कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाडीवर संपला. वारसांची गाडी कोर्टाच्या आवारात उभी दिसली होती. पक्षकाराची गाडी कोर्टाच्या आवारात नाही तर काय सिद्धेश्वर तलावात उभी राहणार?

तरीही ऐकीव गोष्टीमागे उद्या काही खरं निघालंच असतं, तर वाट होती. 1985 च्या कायद्याचं संरक्षण खासगी पक्षकारापासून आहे. त्याच कलम 3 चं दुसरं पोटकलम सरकारचे आणि सर्वोच्च व उच्च न्यायालयाचे कारवाईचे अधिकार शाबूत ठेवतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नं खालच्या न्यायाधीशांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे. लाच घेतली तर लाचलुचपत प्रतिबंधक कायदा न्यायाधीशालाही लागतो. 1991 च्या वीरास्वामी निकालानं तर तो उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपर्यंत नेला. आणि लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे न्यायालय अवमान अधिनियम, 1971 चं कलम 6: खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेनं केलेली तक्रार अवमान ठरत नाही. तक्रार तीच, मजकूरही कदाचित तोच. पाकिटावरचा पत्ता बदलला की गुन्ह्याचा हक्क होतो. मात्र खाली सही आणि शपथपत्र, आणि हातात पुरावा. अण्णांच्या हातात होती ती चहाच्या गाडीवरची गोष्ट. मी म्हटलं, तक्रारही नको.

बेलिफाचं वेगळं. त्याला वॉरंट बजावण्याबद्दल संरक्षण आहे. समन्साचा अपुरा अहवाल देणं यात येत नाही, असं माझं मत, आणि तसा अर्ज आम्ही जिल्हा न्यायाधीशांकडे दिला. त्याची खातेनिहाय चौकशी झाली.

जे खरं करायचं होतं

हुकूमनामा एकतर्फी असेल आणि समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल, तर आदेश 9 नियम 13 खाली तो रद्द करून मागता येतो. मुदत 30 दिवस, आणि समन्स मिळालंच नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजायची. अण्णांना माहिती झाली कब्ज्याच्या दिवशी. आमचा अर्ज नवव्या दिवशी दाखल.

हा अर्ज वरच्या कोर्टात जात नाही. ज्या न्यायालयानं हुकूमनामा केला, तिथंच चालतो. म्हणजे त्याच मॅडमपुढे.

सात महिने तारखा पडल्या. वारसांच्या वकिलांचं म्हणणं, अण्णांना दाव्याची माहिती होती, शेजाऱ्यानं सांगितलं होतं. शेजाऱ्याला आणलं, उलटतपासात तो कोसळला. त्या भागात रमत नाही. खरा प्रसंग युक्तिवादाच्या दिवशीचा.

मी बेलिफाच्या अहवालाची नक्कल वर दिली. मॅडमनी मूळ प्रकरण मागवलं, शिरस्तेदारांनी फाइल उघडून ठेवली. साडेचार ओळी त्यांनी मोठ्यानं वाचल्या. मग रोजनाम्याचं पान. तेही वाचलं. स्वतःच्याच सहीपर्यंत आल्या आणि थांबल्या. कोर्टात पंख्याचा आवाज येत होता. मग वारसांच्या वकिलांकडे बघून त्यांनी विचारलं, "नियम 19 प्रमाणे मी बेलिफाला तपासल्याची नोंद तुम्हाला यात कुठं दिसते का?" वकील म्हणाले, "नाही मॅडम." त्या म्हणाल्या, "मलाही दिसत नाही." आणि लघुलेखकाला मजकूर सांगायला लागल्या.

हुकूमनामा रद्द. निकालात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की समन्स बजावल्याचं जाहीर करण्यापूर्वी करायला हवी होती ती तपासणी या न्यायालयाकडून झालेली नाही.

न्यायाधीशांना संरक्षण का, याचं उत्तर मला त्या दिवशी पंख्याच्या त्या आवाजात मिळालं. पुस्तकांत ते 1607 सालच्या इंग्रजी खटल्यापासून दिलेलं असतं: न्यायाधीश निर्भय असला पाहिजे, हरलेल्या प्रत्येकानं न्यायाधीशाला खेचलं तर भांडणाला अंत नाही, वगैरे. सगळं खरं, पण ते उत्तर दिसतं न्यायाधीशाच्या बाजूचं. अण्णांच्या बाजूचं उत्तर वेगळं आहे. समजा ते पाकीट पोस्टात पडलं असतं. समजा असा दावा कायद्यानं चालत असता. मग "मलाही दिसत नाही" हे तीन शब्दांचं वाक्य चौदा लाखांची कबुली झालं असतं. कुठल्या न्यायाधीशानं ते उच्चारलं असतं? प्रत्येकानं आपला पहिला हुकूम कसा बरोबर होता, हेच लिहिलं असतं. अण्णांना त्यांची शेड परत मिळाली ती न्यायाधीशाला स्वतःची चूक फुकटात मान्य करता येत होती म्हणून.

अण्णांच्या कारखान्यातही हे आहे. मजुरी कापायच्या भीतीनं कामगार डागाचा पीस थप्पीत खाली सरकवतो, आणि तो व्यापाऱ्याकडेच उघडा पडतो. हे मी त्यांना म्हटलं तेव्हा ते हसले. "खरंय. पण तरी कापावं लागतंच ओ. नाहीतर सगळेच डाग काढतील." याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अपील, उच्च न्यायालयाचं निरीक्षण, बढती रोखणं, खातेचौकशी हे कापणंच आहे, पण ते पक्षकाराच्या खिशात येत नाही.

बिल कुणाच्या नावे

निकालानंतर आठवडाभरात अण्णा पुन्हा हजर. "आता तर त्यांनीच लिहून दिलंय चूक झाली म्हणून. आता तरी दावा बसतोय का?"

नाही बसत. चूक सिद्ध झाल्यानं संरक्षण जात नाही. ते असतंच चुकलेल्या निर्णयासाठी. बरोबर निर्णयाला कवच कशाला लागतं?

पण पैसे मागायची जागा होती, आणि ती संहितेतच होती. कलम 144, पूर्वस्थिती प्रस्थापना. हुकूमनामा रद्द झाला की त्यामुळे एका बाजूला जे मिळालं आणि दुसरीचं जे गेलं, ते शक्य तितकं मूळ जागी आणायचं. फक्त कब्जा नव्हे. खर्च, व्याज, नुकसानभरपाईसुद्धा, ती हुकूमनामा फिरल्याचा सरळ परिणाम असेल तर. आणि हे देणार कोण? ज्यानं त्या हुकूमनाम्याचा फायदा घेतला तो. म्हणजे वारस. चुकीचा पत्ता त्यांनी दिला, हमाल त्यांनी आणले, सुरी त्यांच्या माणसाच्या हातात होती. वेगळा दावा लावायचीही गरज नाही. जे या अर्जात मिळू शकतं त्यासाठी वेगळा दावा लावताच येत नाही.

खोटा दावा केला म्हणून भरपाईचा खर्च, कलम 35अ, हेही लोक सुचवतात. त्याची कमाल मर्यादा 3,000 रुपये. चुकीची मनाई किंवा निकालाआधीची जप्ती घेतली तर कलम 95 आहे, कमाल 50,000, पण ते अण्णांना लागू नव्हतं. या आकड्यांकडे पाहिलं की माझा राग न्यायाधीशांच्या कवचावर राहत नाही, तो या रकमांवर जातो. तीन हजारांत आज एका मागाची दुरुस्तीही नीट होत नाही. विधी आयोगानं 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांना राज्यानं भरपाई द्यावी असं सुचवलं, पण ते फौजदारी खटल्यांपुरतं. दिवाणी कोर्टाच्या चुकीत ज्याची शेड गेली, त्याचा त्यात विचार नाही. न्यायाधीशानं पैसे भरू नयेत हे मला मान्य आहे. कुणीच भरू नयेत, हे नाही.

कलम 144 चा अर्ज केला. शेडचा कब्जा आधी परत मिळाला. पैशांसाठी पुरावा द्यायला बसलो तेव्हा अण्णांच्या वह्या बाहेर आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत, ओलीच्या वासाच्या. सांधणीवाल्याची पावती होती. जॅकार्डच्या दुरुस्तीचं बिल होतं. कामगारांना बसून दिलेल्या मजुरीची नोंद पोराच्या अक्षरात होती. व्यापाऱ्यानं रद्द केलेल्या मोठ्या ऑर्डरचा मात्र कागद नव्हता, कारण ती फोनवर दिली होती आणि फोनवरच मोडली. चौदा लाखांतला मोठा भाग तोच. व्यापारी साक्षीला आला नाही. धंद्यात कोण कुणासाठी कोर्टाची पायरी चढतं.

तोवर मॅडमची बदली झाली होती. नव्या न्यायाधीशांनी पावत्यांची रक्कम मंजूर केली, ऑर्डरची नाकारली. चार लाखांच्या आत काहीतरी, व्याजासह. अशा हुकुमावर अपील होतं, आणि वारसांनी ते जिल्हा न्यायालयात केलं आहे. अर्धी रक्कम भरायच्या अटीवर स्थगिती आहे. तिथून पुढे कुणाला जायचंच झालं तर आता मुंबई गाठावी लागणार नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं फिरतं खंडपीठ सुरू झालंय आणि सोलापूर त्यात आहे. अण्णांना ही बातमी मी उत्साहानं दिली, तर ते म्हणाले, "कोल्हापूर तरी कुठं जवळ आहे?"

मूळ भाड्याचा दावा अजून चालू आहे. थकबाकी मात्र अण्णांनी व्याजासकट केव्हाच भरून टाकली.

गेल्या तारखेला पुकारा व्हायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. माझ्या फाइलीत अजून ते पाकीट आहे, हे त्यांना दिसलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, तिकिटांवरून अंगठा फिरवला.

"वकीलसाहेब, तिकिटं काढून दुसरीकडं लावता येतात का ओ? शिक्का पडलेला नाही."